बिनस्क्रूची जाळी

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात माझी सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली. जे घट्ट आवळलेलं नाही ते निसटतं, एवढं तिथे पक्कं शिकलो. त्यामुळे माळ्यावरून कूलर उतरवताना माझ्याच जांघेत काहीतरी निसटून गाठ आली, तेव्हा दुखण्यापेक्षा अपमान जास्त झाला.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "हर्निया आहे, काका. दुर्बिणीतून आतल्या बाजूने जाळी बसवू."

"आणि ती हलू नये म्हणून?"

"मोठा असेल तर बारीक स्क्रू मारतो. ते कधीकधी टोचत राहतात. नाहीतर एक गोंद असतो, त्याचा त्रास कमी. आणि लहान असेल तर काहीच लावत नाही. पोटाचा दाबच जाळीला धरून ठेवतो, मग मांस तिच्यात रुजतं."

"काहीच नाही?" मी खुर्चीत पुढे सरकलो. "बाई, बिनबोल्टाचं काम मी कधी पास केलेलं नाही."

"तुम्हाला पास करायचं नाहीये, झोपायचंय," बायको म्हणाली.

शेवटी आत बघून बाईंनीच ठरवायचं, यावर मी कसाबसा होकार दिला.

घरी आल्यावर सिन्नरच्या साडूंना फोन लावला. त्यांचं हेच ऑपरेशन आधी झालेलं आणि स्क्रूंचा त्यांना फार अभिमान. "साडू, स्क्रूच मारून घ्या. गोंद काय, पाकिटं चिकटवायचीत का? माझं बघा, लय मजबूत काम हाय."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच मी नर्सला विचारलं, "स्क्रू की गोंद?"

"आधी लघवी झाली का ते सांगा, काका."

बायको म्हणाली, "बाई मला भेटल्या. जाळी अगदी व्यवस्थित बसलीय." ती इतक्या ठामपणे म्हणाली, की स्क्रूच असणार हे मी धरून चाललो. त्या भरवशावर आठवड्याभरात कॉलनीत फेऱ्या सुरू केल्या. शेजाऱ्यांना आतली फिटिंग समजावून सांगितली. एकाला तर स्क्रूचा आकार बोटांनी दाखवला.

तपासणीला गेलो. बाई म्हणाल्या, "छान. तुमचा हर्निया लहान होता, म्हणून काहीच लावलं नाही."

माझा हात आपोआप जांघेवर गेला. मी टेबलावरून उतरलो तो वाकूनच.

"काका, आत्ता आलात तेव्हा सरळ चालत होतात."

"तेव्हा मला माहीत नव्हतं!"

बायको खिडकीतून बाहेर बघत होती. खांदे हलत होते तिचे.

"तू मला फसवलंस," रिक्षात मी म्हणालो.

"जाळी बसलीय म्हटलं, ती बसलीय. स्क्रू तुम्हीच मारलेत." द्वारका चौकातल्या कोंडीत धूर नाकात जाऊन मला जोरदार शिंक आली. मी डोळे मिटून वाट पाहिली. काही निसटलं नाही.

साडूंना सांगणं भाग होतं. त्यांनी फोनवरच विचारलं, "मग माझ्यात कशाला मारले? वाकलं की टोचतं ना राव."

"तुमचा मोठा असेल."

"हां, ते हाय," त्यांचा आवाज एकदम फुलला. "मोठाच होता माझा."

पुढच्याच महिन्यात नात्यातल्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, ते मोठ्याने सांगत होते, "आमच्या साडूंचं काय, अगदीच किरकोळ होतं."