तीन, तीन, आठ, आठ

आम्ही चौघी ग्वाल्हेरच्या लष्करमधल्या एकाच शाळेत शिकलो आणि चौघींनाही गणित सारखंच नकोसं होतं. साठीला आल्यावर आम्ही रोज दुपारी हौसेने गणितं सोडवत बसू, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. पण इंदूरच्या मैत्रिणीला तिच्या सुनेने फोनवर एक खेळ घालून दिला, तिने तो आम्हाला पाठवला, आणि आम्ही अडकलो.

खेळ दिसायला सोपा. रोज चार आकडे येतात, सगळ्यांना तेच. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार काहीही करा, चारही आकडे एकेकदाच वापरा आणि चोवीस करून दाखवा. जिला जमलं तिच्या नावापुढे हिरवी खूण येते. मग आम्ही चौघी व्हॉट्सअ‍ॅपवर आपापली रीत टाकायचो आणि तिथून सुना, गुडघे, भाजीचे भाव असं कुठेही जायचो.

इंदूरची खेळायला सगळ्यांच्या आधी बसायची आणि सगळ्यांच्या शेवटी सुटायची. एकच आकडा दोनदा वापरून टाकायची आणि वर म्हणायची, "एवढं चालतं ग." पुण्याची लग्न होऊन तिकडे गेली ती तिकडचीच झाली. ती रीतसर कंस घालून उत्तर लिहायची. तिसरी खासगी बाजारात राहते आणि मी माधवगंजात. म्हणजे आम्ही दोघी एकाच गावात, पायी जाण्याच्या अंतरावर. पण रोज फोनवर गाठ पडत असल्यामुळे प्रत्यक्ष भेट मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली होती, ती शेवटची.

भांडण झालं ते गणितावरून नाही. एक दिवस खासगी बाजारातल्या मैत्रिणीने सगळ्यांच्या आधी उत्तर काढलं आणि खुशीत लिहिलं, "माझे तर बनून गेले."

पुण्याहून लगेच आलं, "'बनून गेले' नाही. 'झाले'."

आता आमच्या ग्वाल्हेरात सगळं बनूनच जातं. चहा बनून जातो, काम होऊन जातं, उशीर होऊन जातो. आम्ही कोथिंबिरीला धनिया म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही. पुण्याचीही लहानपणी तसंच बोलायची. मी विषय बदलावा म्हणून चहाचं चित्र टाकलं, पण तोवर पुण्याहून दुसरं वाक्य आलं होतं, "आपला ग्रुप मराठी आहे ना? मग लिहायचं तर नीट लिहावं."

मग पडद्यावर ती बारीक करडी ओळ उमटली. खासगी बाजार ग्रुपमधून बाहेर पडली होती.

मी फोन लावला. "रहने दे," ती म्हणाली, "मी इथे एकटी खेळेन. माझ्या आकड्यांना व्याकरण लागत नाही."

आणि ती खरंच खेळत राहिली. ग्रुपमध्ये नव्हती, पण खेळात तिच्या नावापुढची हिरवी खूण आम्हा तिघींना रोज दिसायची. पुण्याची त्याबद्दल काही बोलायची नाही. बघत मात्र असणार.

मग तो दिवस आला. आकडे होते तीन, तीन, आठ, आठ.

मी आधी हसले. तीन आठे चोवीस, हे तर पहिलीतलं. पण मग उरलेल्या तीन आणि आठांचं काय करायचं? त्यांना कुठे टाकता येईना. बेरीज केली, वजाबाकी केली, भागून पाहिलं. गॅसवर वाटाण्याची उसळ होती, ती खाली लागली. ह्यांनी कॅल्क्युलेटर काढून बराच वेळ बोटं मारली आणि जाहीर केलं, "गेमच खराब आहे."

मी बेंगळुरूला मुलाला फोन केला. तो इंजिनिअर आहे. "आई, मीटिंगमध्ये आहे," म्हणून त्याने आकडे विचारले आणि फोन ठेवला. दुपारी जेवताना त्याचाच फोन आला. "आई, ये नहीं हो रहा. मी टीममध्ये टाकलं, आता कुणीच काम करत नाहीये. मॅनेजर पण बसलेत. तू नीट बघितलंस ना आकडे?"

पुण्याहूनही तोच निष्कर्ष आला, कंसासकट: (हे गणित चुकीचे आहे).

आम्हाला हे सगळ्यांनाच पटलं होतं. तेवढ्यात इंदूरचीने कळवलं, "हिरवी खूण बघा."

खासगी बाजाराला जमलं होतं.

त्यानंतर तासभर जी बोलणी झाली, तशी दोन देशांतही होत नसतील. इंदूरची म्हणाली, "तू जवळ राहतेस, जाऊन ये ना. माझ्या डोक्यात मुंग्या आल्यात." पुण्याची म्हणाली, "जा, पण उत्तर विचारू नकोस. तब्येत विचार." जरा वेळाने तिचंच आलं, "तब्येतीनंतर विचारलंस तरी चालेल."

मी पाटणकर बाजारातून तिळगुळाची खुसखुशीत गजक घेतली आणि तिच्याकडे गेले. तिने दार उघडलं तेव्हा हाताला कणीक होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गजकीच्या डब्याकडे.

"तीन, तीन, आठ, आठ?"

"संक्रांत जवळ आलीय म्हणून आले," मी म्हणाले.

"अच्छा," ती म्हणाली आणि आत वळली. मीही मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पोळ्यांची चळत होती. तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजला. पुण्याचा व्हिडिओ कॉल. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "उठाव ना. तिचाही जीव टांगलाय."

पडद्यावर पुण्याची दिसली, चष्मा लावून, हातात पेन. "कशी आहेस?" तिने विचारलं.

"मस्त. सांगते उत्तर. पण मी हिंदीतच समजावणार. मराठीत माझी चूक होऊन जाईल."

पुण्याचीने पेन तेवढं खाली ठेवलं.

इकडे हिने पोलपाट सरकवला आणि तीन पोळ्या मांडल्या. "देख. आठ को तीन से भाग दे. दो पूरे, और दो तिहाई. ठीक?" तिने एका पोळीचे तीन सारखे तुकडे केले. "अब ये जितना आया, उतना तीन में से निकाल." तिने दोन अख्ख्या पोळ्या उचलल्या, तिसरीचे दोन तुकडे उचलले. पोलपाटावर एकच तुकडा राहिला. "बचा कितना?"

"एक तृतीयांश," पुण्याची म्हणाली.

"हिंदी में."

"एक तिहाई."

"हां. अब अपने पास आठ बचा है. आठ रोटी में ऐसे टुकड़े कितने निकलेंगे?"

मी मनातल्या मनात पोळ्या तोडायला लागले. एका पोळीचे तीन, दोनांचे सहा. आठांचे... चोवीस! इतकी वर्षं छेद आणि अंश मला घाबरवत आले होते आणि इथे ते तूप न लावलेले पोलपाटावर पडले होते.

"तुला हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"नात अख्खी पोळी खात नाही. तिला तीन तुकडे करून द्यावे लागतात. सकाळी तेच करत होते."

मग पुण्याची म्हणाली, "मला त्या दिवशी तसं लिहायला नको होतं. इथे माझी सासू मला अशीच टोकायची. माझ्या प्रत्येक वाक्याला. मी लग्नानंतर वर्षभर कमीच बोलायचे."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पोळ्या करणारीने हात पुसले. "मग तेव्हा सांगायचं नाही का? आम्ही दोघींनी येऊन तिला हिंदीत ऐकवलं असतं."

पुण्याची हसायला लागली, चष्मा काढून डोळे पुसत. मी मुलाला उत्तर पाठवलं. त्याचं परत आलं, "मॅनेजर विचारतायत, या काकू कुठे नोकरी करतात."

त्याच संध्याकाळी खासगी बाजार ग्रुपमध्ये परत आली. आता दुपारी मी तिच्याकडेच जाते. आम्ही दोघी गच्चीवर उन्हात शेजारी शेजारी बसतो आणि आपापल्या फोनवर खेळतो. इंदूरची तक्रार करते की आमच्या दोघींचं उत्तर हल्ली एकदमच येतं. त्यावर आम्ही चहाचं चित्र टाकतो.