पूजेला ठेवलेली कादंबरी

दसऱ्याची सकाळ. क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंनी पाटीपूजन मांडलं होतं, आणि पाटीशेजारी, झेंडूच्या फुलांखाली, ते पुस्तक! निळ्या कापडी पुठ्ठ्यावर ओल्या कुंकवाचं बोट.

"आई, काय केलंत हे! ते आपलं नाहीये हो!"

"अगं, तू अभ्यास त्याचाच करतेस ना? मग पूजा दुसऱ्या कशाची करू?"

मी घाईघाईने पुसायला गेले तर कुंकू आणखीच फिसकटलं.

पुस्तक शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं होतं; मी त्यांना आंटी म्हणायची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, आज कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या एका धर्मशील बाईची ती कादंबरी. मी तिच्यावर पीएचडी करत होते. आजारी वडिलांची सेवा करता करता, गाव न सोडता बाईने ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या. बहुतेकींत कुणीतरी हिंदुस्थानात मूर्ती फेकून देऊन सुखी होतं. हिंदुस्थान तिने पाहिला तो नकाशात! वाचताना माझं डोकं फिरायचं, पण बाई काही सुटत नव्हती.

आंटींच्या आजीला हे पुस्तक मिशनच्या शाळेत बक्षीस मिळालं होतं. लेखिकेने त्या आजीला लिहिलेली पत्रंही घरात होती. त्यांच्यावाचून माझा प्रबंध लंगडाच राहणार होता. आंटींची अट एकच होती: पुस्तक जसंच्या तसं परत आण, मग पत्रं ने. आणि परत करायचा दिवस आजचाच.

बेडोक येईपर्यंत एमआरटीच्या गाडीत मी मनातल्या मनात दहा सबबी रचल्या.

आंटींनी डागावर बोट टेकवलं. "हे काय?"

पूजा म्हटलं तर या चर्चला जाणाऱ्या बाई काय म्हणतील?

"रंग लागला, आंटी. सासूबाईंनी लावला. वय झालंय, त्यांना पुस्तकातलं काही कळत नाही."

"म्हातारपण असंच असतं" म्हणत आंटींनी पत्रांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. मी निर्लज्जासारखी खूश झाले.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "दिली का गं पत्रं?"

"दिली."

"सुटले बाई! नसती दिली तर मीच जाणार होते त्यांच्याकडे. नातीकडून इंग्रजी पाठ करून घेतलं सकाळपासून. बघ बरं, नीट येतंय का."

आणि हात जोडून, एकेक शब्द सांभाळत त्या मला म्हणाल्या, "व्हेरी सॉरी. माय मिस्टेक. शी इज गुड गर्ल."