कारणकाका

ज्याचं शास्त्रीय कारण कारणकाकांना माहीत नाही, अशी एकही गोष्ट आमच्या लेआउटमध्ये नव्हती. खरं नाव कागदोपत्री असेल. आम्हाला ते कधी लागलं नाही. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उभा राहून पूर्वजांचं विज्ञान फुकटात वाटायचा. शनिवारी नखं कापायची नाहीत, कारण आठवडाभराचं कॅल्शियम त्या दिवशी नखांत उतरलेलं असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत 'रोगराई घेऊन जा' म्हणत घसा फाडून ओरडायचं, कारण आवाजाच्या कंपनांनी पावसाळी जंतू मरतात. मेलेला जंतू कोणी पाहिला नाही, पण माना सगळ्यांच्या डोलायच्या.

मी पाण्यातल्या रसायनांवर संशोधन करते. म्हणजे विज्ञानाचा पगार मला आणि मान काकांना, अशी वाटणी होती. गणपतीत माझं व्याख्यान ठेवलं की खुर्च्या रिकाम्या, काकांचं ठेवलं की सतरंजी अपुरी. माझा जळफळाट व्हायचा, तो लपवत नाही. एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, इतकं खोटं सांगवतं तरी कसं? काका मुळीच चिडले नाहीत. म्हणाले, "तू माहिती देते वं बेटा. लोकायले कारण पाह्यजे."

कळमेश्वर रोडवर शेतात प्लॉट पाडून वसलेल्या आमच्या लेआउटला नळ अजून आलेला नाही. टँकर आणि मधल्या बागेतली विहीर, एवढ्यावर सगळं चालतं. त्या विहिरीचं पाणी मी तपासलं, तर संडासांच्या टाक्यांतून झिरपलेलं नायट्रेट भरपूर निघालं. मोठ्यांना लगेच काही होत नाही. पण बाटलीच्या दुधात ते पाणी गेलं तर तान्हं मूल निळं पडतं, जिवावर बेततं. उकळूनही ते जात नाही. बैठकीत मी हे सगळं आलेखांसह समजावलं. सोसायटीने माझे आभार मानले, हातात गुलाबाचं रोपटं दिलं आणि संध्याकाळी विहिरीवरचा पंप सुरू केला.

दुसऱ्या दिवशी काकांनी ठेल्यावर एवढंच सांगितलं की शेजारच्या मोबाइल टॉवरच्या लहरी विहिरीच्या थंड पाण्यात उतरून बसतात. दुपारपर्यंत विहिरीवर जाळी बसली, वर कुलूप. मी तरातरा भांडायला गेले. माझा अहवाल त्यांनी पहिल्या पानापासून वाचला होता, समजलाही होता. विहीर बंद झाली ना, मग भांडतेस काहून, असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो प्यायले.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीने टॉवर हलवला. टॉवर गेला म्हणजे लहरी गेल्या, लहरी गेल्या म्हणजे पाणी चांगलं झालं. या तर्कात खोट काढायला जागाच नव्हती. लोकांनी नारळ फोडून विहीर उघडली. आणि नेमकं तेव्हाच काकांच्या समोरच्या घरात महिन्याचं बाळ होतं, पावडरच्या दुधावर.

नारळ फुटला तसे काका पुढे झाले आणि त्या लोकांना पहिल्यांदाच खरं ते सांगू लागले. टॉवरचं आपण बनवून सांगितलं होतं. पाण्यात नायट्रेट आहे, लेकराला देऊ नका. लोकांनी ऐकून घेतलं. मग बाळाचे आजोबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, आज काही कारण जमलं नाही तुमाले." सगळे हसले. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

संध्याकाळी काका बाळाच्या आजीकडे गेले. पहिल्या लेकराच्या दुधाला वर्षभर मामाच्याच घरचं पाणी लागतं, असं त्यांनी तिच्या गळी उतरवलं. मामा कामठीचा, त्याच्याकडे नळ. तो रोज ऑटोतून कॅन पाठवू लागला.

चार महिन्यांनी काका झोपेत गेले. मामा तोवर कंटाळला होता, आणि दारात विहीर असताना कामठीहून पाणी कशाला, असं घरातही सुरू झालं होतं. काकांच्या तेरवीहून परतताना आजीने मला गाठलं. कडेवर बाळ होतं, गुलाबी, गुबगुबीत, तिचं मंगळसूत्र ओढत होतं.

"तू त पाण्याचंच शिकली हायेस वं," ती म्हणाली. "मामाच्या पाण्याचं काका सांगून गेले, ते खरं हाय का?"

नायट्रेट ओठांवर आलं होतं. मी बाळाकडे पाहिलं.

"खरं आहे आजी. वर्षभर दुसरं पाणी देऊ नका."

"पण काहून?"

मामाच्या आणि भाच्याच्या रक्तातलं लोह एकाच जातीचं असतं, त्याला तेच पाणी मानवतं, असं मी सांगितलं. आजीला लगेच पटलं.