जवसाच्या लाल दोऱ्याची गाठ

जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार व्हायच्या आत पाकळ्या टाकून मोकळं होतं. त्याच्या या घाईमुळे मी त्या हिवाळ्यात रोज अंधारात गाडी काढून कोल्हापूरहून राधानगरी रोडवरच्या मामाच्या शेतात जायचे. त्या दिवशी उमललेल्या निळ्या फुलांच्या देठांना दोरा बांधायचा, रंग आणि तारीख वहीत लिहायची. प्रत्येक दिवसाचा रंग वेगळा. संशोधन म्हटलं की लोकांना भारी वाटतं, पण माझी तर नुसती कंबर मोडायची.

मामानं दोन गुंठे दिले होते तेही एकाच हंगामापुरते. पुढच्या वर्षी तिथं ऊस येणार होता. सोमवारी माझे मार्गदर्शक सर नोंदी बघायला येणार होते आणि विषय पुढे न्यायचा की सोडून द्यायचा, हे तेव्हाच ठरणार होतं. नोंदी चुकल्या की दोन वर्षं पाण्यात.

जवसाच्या दाण्यात तेल आणि चीक कधी, कसा भरतो, हे मला बघायचं होतं. फूल गळल्यावर बोंड धरतं. सुरुवातीला आतला दाणा पांढुरका आणि मऊ असतो, चिमटीत दाबला की नुसतं पाणी. मग सालीच्या सगळ्यात बाहेरच्या थरात चीक साठायला लागतो. दाणा वाळला की तो सालीतच सुकून बसतो, आणि पाणी लागलं की फुगून बुळबुळीत होऊन बाहेर येतो. आत दोन डाळिंब्या असतात, त्यांच्यात बारीक थेंबांनी तेल भरत जातं. वीस दिवसांचा दाणा कागदावर चिरडला की डाग पडतो आणि तो वाळत नाही. पाण्याचा डाग वाळून जातो.

शनिवारी दुपारी मी मामाच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, लाल दोऱ्याची देठासकट तोडलेली वीस बोंडं, ब्लेड, कागद आणि पाण्याची वाटी घेऊन बसले. लाल दोरा म्हणजे त्या दिवशी बरोबर वीस दिवस. पहिली दोन बोंडं ठीक निघाली. तिसऱ्यात दाणे कच्चे. चिरडले, कागद ओला झाला आणि वाळून कोरा झाला. वाटीतले दाणे बोटांत चोळले, बुळबुळीतपणा नाही. वीस बोंडं संपली तेव्हा आठ कच्ची होती.

आधी वाटलं, रोग पडला असेल. दुसरा विचार आला त्याची मला आजही लाज वाटते. ही आठ फेकून द्यावीत आणि फक्त बाराची नोंद करावी, कुणाला कळणार आहे? मी ती आठ बाजूला सारलीसुद्धा.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं गं?"

"ह्या बोंडांवर वीस दिवसांचा दोरा हाय, आणि दाणं बघा. पाणी हाय नुसतं."

मामी हळूच म्हणाली, "गेल्या आठवड्यात रेडकू सुटलंतं. तुज्या जवसात शिरलं. लाल दोऱ्याची झाडं मोडली थोडी. तू रडशील म्हणून दोरं उचलून मी परत बांधलं."

"कुठल्या बोंडाला?"

"गावंल त्येला."

माझा तोल गेला. "तुमाला कुणी सांगितलंतं हात लावायला? म्हशीचं कळतंय तेवढं बघा की. माझ्या कामातलं काय कळतंय तुमाला?"

महिनाभर सकाळी गरम भाकरी माझ्यासाठी झाकून ठेवणाऱ्या बाईला मी हे बोलले. बोलताना मला ते कळत होतं, तरी बोलले.

मामी कप खाली ठेवून माझ्यासमोर बसली आणि कच्च्या बोंडांतलं एक उचललं. "ही माझी. मी निरगाठ मारतो, म्हशीच्या दाव्याला मारतोय तशी. तुजी सुरगाठ असती, वडली की सुटती. माझ्या गाठी काढून टाक, ऱ्हायलेलं तुजं खरं."

माझ्या जिवात जीव आला. मामी एकेक बोंड डोळ्यांजवळ नेऊन गाठ बघायला लागली. ही माझी, ही पण माझी. अशी पाच झाली. उरलेली तीन तिनं दोनदा बघितली, उलटीपालटी केली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ह्या माझ्या न्हाईत."

मी एका दोऱ्याचं टोक ओढलं. गाठ अलगद सुटली.

मला सगळं आठवलं. लाल दोऱ्याचा दिवस रविवारचा होता, आणि त्या रविवारी मी आजऱ्याला मैत्रिणीच्या लग्नात होते. दिवस चुकू नये म्हणून शनिवारी संध्याकाळीच दिसेल त्या कळीला मी लाल दोरा बांधला होता. उद्या उमलतीलच, म्हणून वहीत रविवारची तारीखही टाकली होती. त्यातल्या काही कळ्या आठवड्यानं उमलल्या असणार. चांगली निघालेली बारा बोंडं तरी नक्की कधीची, हे आता मलाही सांगता येत नव्हतं. सगळा लाल रंगच बाद होता, आणि तो रेडकू सुटायच्या आधीपासून बाद होता.

मी हे मामीला सांगितलं. तिनं गार झालेला चहा माझ्यापुढे सरकवला.

"मी तुज्या रडण्याला भिऊन बांधलं," ती म्हणाली. "तू कुणाला भिऊन बांधलंस?"

मी वही उघडली, लाल दोऱ्याच्या पानावर उभी रेघ मारली आणि खाली कारण लिहिलं. मामीच्या पाच बोंडांचं मी त्यात काहीच लिहिलं नाही. सोमवारी सर आले, तेव्हा ते पान मीच आधी त्यांच्यापुढे धरलं.