विचारून करणारा

जामसंड्याचा हा कॉम्प्युटरवाला विचारल्याशिवाय कशालाही हात लावत नाही. "काका, खुर्ची सरकवू मां? पंखो कमी करू मां?" मी वैतागतो, आणि तरी दर वेळी त्यालाच बोलावतो.

आमच्या जुन्या कॉम्प्युटरला नवं विंडोज पेलवेना, म्हणून परवा तो लिनक्स घालायला आला. आधी त्याने मोबाईलवर जुन्या स्क्रीनचा फोटो काढून घेतला. मग तो बघून नव्या स्क्रीनवर एकेक गोष्ट जुन्याच जागी मांडू लागला. बायकोची भजनं, तिने काढलेले अंगणाचे फोटो. कोपऱ्यात पत्त्यांचा खेळ. मासेवालीची वाट बघत ती तो खेळत बसायची.

"ह्यां हयच ठेवू मां?"

"ठेव," मी म्हणत राहिलो.

कॉम्प्युटर सुरू केला की पहिलं तिचं नाव यायचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता त्याने नाव विचारलं की माझं सांगायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

तो गेल्यावर मी कॉम्प्युटर सुरू केला. स्क्रीनवर तिचंच नाव आलं.

तेवढं एकच त्याने मला विचारलं नव्हतं.