उघडं इंजिन

निंबाअण्णांकडे गेलं की पाण्याच्या आधी हातावर एखादा पार्ट यायचा. "धर भाऊ, वळख पाहू," म्हणून ते तोंडाकडे बघत बसायचे. मी डाइंग मिलमधला कारकून. कार्बुरेटरला मी एकदा नळाची तोटी म्हणालो, तेव्हा अण्णांनी तो माझ्या हातातून असा काढून घेतला, जणू त्यांचं तान्हं मूल मी उलटं धरलं होतं.

सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मूळचे अमळनेरकडचे, मिलच्या लूमखात्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारे. एका पारशी बावाच्या पडवीत गंजत पडलेली, इंग्रजांच्या वेळची मोटारसायकल त्यांनी हातगाडीवर घालून आणली आणि पुढच्या खोलीचा कारखाना केला. मागच्या खोलीत सुमनवहिनी, दोन मुली आणि उरलेला संसार. पुरणाच्या पातेल्यात रॉकेल, रॉकेलात पिस्टन. मोहरीच्या डब्यात बेअरिंगचे छर्रे सापडले, तेव्हा अण्णांनाच राग आला. मोहरीने छर्रे खराब होतात म्हणे!

बाजारातला नवा नट त्यांना चालायचा नाही. "भेसळ नको," म्हणायचे. एका मूळ बोल्टासाठी त्यांनी सुरतेतलं सगळं भंगार पालथं घातलं. गाडीचं काय झालं, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "गाडी तयार शे. फक्त चालत नही."

चौऱ्याण्णव साली प्लेग आला आणि दोन दिवसांत आमची गल्ली रिकामी झाली. शेजारधर्मावर तासन्‌तास बोलणारे लोक शेजाऱ्याला न सांगता निघाले. पळणाऱ्यांत मीही होतो. वहिनींनी गाठोडी बांधली, मुलींच्या नाकाला रुमाल बांधले आणि म्हणाल्या, "चला."

अण्णा जमिनीवर पार्ट मांडून बसले होते. "तू व्हय पुढे. मनं इंजिन उघडं पडेल शे. असं टाकीसन कसा येऊ?"

वहिनी मुलींना घेऊन आमच्यासोबत स्टेशनवर आल्या. भुसावळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तरी त्या दाराकडे बघत होत्या.

साथ ओसरल्यावर परतलो, तर अण्णा प्रसिद्ध झालेले. अख्ख्या गल्लीत एकच दार उघडं असल्यामुळे जंतुनाशक पावडर मारायला आलेली माणसं त्यांच्याकडे चहा प्यायची. तेवढ्यावरून बातमी झाली, की लोकांच्या सेवेसाठी एक मराठी माणूस जिवावर उदार होऊन राहिला. आमच्या वस्तीचे नेते आमच्याही नंतर परतले होते. सत्काराची घाई त्यांनाच सगळ्यात जास्त. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी 'मृत्यूच्या जबड्यात अविचल' असं लिहिलं. स्वतः पळालेल्या माणसाला असं फार छान सुचतं.

शाल गुंडाळून अण्णा माइकपुढे उभे राहिले. "मी काही शूर नही. मनं इंजिन उघडं होतं, म्हणून थांबनू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "केवढी ही नम्रता!" नेते गहिवरले. बायकांच्या रांगेत वहिनी हात मांडीवर ठेवून बसून होत्या.

घरी आल्यावर त्या बोलल्या. भिंत पातळ, मला सगळं ऐकू आलं. "लोक म्हणतस, तुम्ही मोठेपणानं बोलनात. माले माहीत शे, तुम्ही खरं बोलनात."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

पुढच्या वर्षी वहिनींची आई अंथरुणाला खिळल्याची तार आली. अण्णांनी त्याच सकाळी इंजिन पुन्हा खोललं होतं. वहिनींनी त्यांना विचारलंही नाही. पिशवी भरली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, रिक्षा बोलवा." मुलींना माझ्या बायकोकडे ठेवून मी त्यांना गाडीत बसवून दिलं. शिट्टी झाली. एवढ्यात स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावरून अण्णा धावत आले. अंगात कामाचा बनियन, हात कोपरापर्यंत काळे. मी म्हणालो, "अण्णा, तिकीट?" ते डब्यात चढले होते.

"तिथे सगळं उघडंच टाकीसन निंघनात?" वहिनींनी विचारलं.

अण्णांनी मान हलवली.

"हात तरी धुईसन यावं ना," असं म्हणत वहिनींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांना खिडकीशी जागा करून दिली.