एकादशीचे बटाटे

स्टुटगार्टला आमच्या खालच्या मजल्यावर एक आयरिश आजी राहायच्या. तरुणपणी नोकरीसाठी जर्मनीत आल्या, त्या इथेच राहिल्या. एका एकादशीला त्या स्वतः भाजलेला ब्रेड घेऊन वर आल्या. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "आज माझा उपास आहे. फक्त उकडलेले बटाटे आणि ताक!" आणि तेच त्यांच्यापुढेही ठेवलं.

त्यांनी काटा-सुरी बाजूला सारली. अंगठ्याच्या नखाने बटाटा सोलला, मिठाला लावून खाल्ला, वर ताकाचा घोट घेतला.

"माझ्या खापरपणजीच्या घरी हेच जेवण असायचं. रोज, तिन्ही त्रिकाळ," त्या म्हणाल्या. "पुढे रोग पडून आयर्लंडभर शेतातले बटाटे कुजले. तेव्हा उपास घडला. एवढ्या भावंडांत ती एकटीच उरली."

त्यांनी ताटात एक कणसुद्धा ठेवला नाही.

यंदा आजी गेल्या. एकादशीला मी अजूनही बटाटे उकडते, ताक करते. पुण्याहून सासूबाई फोनवर विचारतात, "उपास केलास ना गं?"

हो म्हणायला जीभ रेटत नाही.